‘अल्पशा आजाराने’ गेलेलं पोरगं आणि चूक कुणाची हा प्रश्न

रक्षाविसर्जनाची वेळ सकाळी साडेआठची होती. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत पेठेतली पन्नासेक माणसं जमली होती. पोरगं सव्वीस वर्षांचं. चौकातल्या फलकावर ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’ असं लिहिलं होतं, आणि तो आजार म्हणजे नशेच्या कॅप्सूलांचा ओव्हरडोस, अंगाला न झेपणारी मात्रा, हे फलक लिहिणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

अशा ठिकाणी माणसं हळू बोलतात, पण ऐकू जातं. “आपल्या कर्मानं गेलं.” “बापानं लई लाड केलं.” “दोस्तच तसलं.” मग कुणीतरी म्हणालं, “आधी त्या मेडिकलवाल्यांना आत टाकाय पाहिजे.” मी मागं उभा आहे हे म्हणणाऱ्याला दिसलं नसावं. माझं बावीस वर्षं मेडिकलचं दुकान आहे.

बारावं झाल्यावर त्याचे वडील दुकानात आले. बीपीच्या गोळ्या घेतल्या, पैसे मोजून ठेवले आणि तिथंच थांबले. गर्दी कमी झाली तसं म्हणाले, “तुम्ही औषधातलं जाणता. खरं सांगा, चूक कुणाची? माझी असली तरी सांगा. मी ऐकून घेतो.”

त्या दिवशी मला धड बोलता आलं नाही. नंतर बरंच वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या प्रश्नाचं मला जमेल तेवढं उत्तर इथं लिहितोय.

आधी शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा. आपण ‘याला जबाबदार कोण?’ असं विचारतो तेव्हा बहुतेक वेळा ‘कुणाला धरायचं?’ हे विचारत असतो. दोष आणि जबाबदारी आपण एकाच मापानं मोजतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. बोट घेऊन आलेल्या जवानांनी ‘पूररेषेत घर का बांधलं?’ असं विचारून कुणाला माळ्यावर सोडलं नाही. आधी माणूस काढला. पाणी ओसरल्यावर मग प्रश्न आले: त्या जागेवर बांधकामाला परवानगी कुणी दिली, धरणांचं पाणी कधी सोडलं, सांगावा येऊनही काहींनी घर का सोडलं नाही. हे सगळे प्रश्न रास्त होते. परवानगी देणाऱ्याची जबाबदारी ठरली म्हणून घर न सोडणाऱ्याची कमी झाली नाही, आणि उलटही नाही. एकानं मोठा तुकडा घेतला की दुसऱ्याला लहान यावा, असं भाकरीसारखं जबाबदारीचं नसतं. दोष मात्र आपण तसाच वाटतो. एक माणूस सापडला की बाकीचे मोकळे.

ओव्हरडोसच्या मृत्यूत तो एक माणूस बहुतेक वेळा मेलेलाच असतो. तो उलट बोलत नाही.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतला. कुठल्या क्षणी कुणाच्या हातात किती होतं?

पहिली कॅप्सूल

पोरगं शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होतं. वजन उचलून कंबर धरली. शेजारी काम करणाऱ्यानं एक कॅप्सूल दिली, शिफ्ट संपायच्या आत कंबर मोकळी झाली. ती ट्रामाडॉलची होती. ट्रामाडॉल हे अफूच्या घराण्यात बसणारं, कारखान्यात तयार केलेलं वेदनाशामक. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर डॉक्टर ते देतात आणि तिथं ते उपयोगी पडतं. पण त्यानं दुखणं थांबतं तसं अंगही हलकं वाटतं, थकवा जाणवत नाही. भट्टीपुढं उभ्या असणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळतं.

इथं त्याच्या हातात बरंच होतं. नको म्हणता आलं असतं. पण त्यानं ती नशा करायला घेतली नव्हती, कामावर उभं राहायला घेतली होती. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो. हे कारण आहे, सबब नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि घाटावर उभं राहून बोलताना तो आपल्या लक्षात राहत नाही.

आणि ती कॅप्सूल आली कुठून? ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही. दिलं की वेगळ्या रजिस्टरला रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलंय. म्हणजे कुठल्यातरी दुकानातून किंवा घाऊक व्यापाऱ्याकडून माल रजिस्टर चुकवून बाहेर पडला होता. स्मशानातलं ते वाक्य मला लागलं, पण ते खोटं नव्हतं.

मी ट्रामाडॉल चिठ्ठीशिवाय कधी दिलं नाही. पण दुकानाच्या सुरुवातीच्या वर्षांत गल्लीतल्या एका काकूंना जुन्याच चिठ्ठीवर दर महिन्याला झोपेच्या गोळ्यांची पट्टी देत होतो. अल्प्राझोलम. ओळखीच्या होत्या म्हणून. दीडेक वर्षानं त्यांची मुलगी दुकानात आली. आई आता दोन-दोन गोळ्या घेते आणि मिळाली नाही की रात्रभर थरथरते, म्हणाली. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू कमी करत काकूंची गोळी सोडवली, त्या बऱ्या आहेत. पण तेव्हा माझ्या हातात होतं आणि मी ते नीट वापरलं नाही. दुसऱ्याच्या पोराचा हिशेब मांडायला बसलोय, तर आधी हे लिहायला हवं.

सवय जडल्यावर

सहा महिन्यांत दोनाच्या दहा झाल्या. अफूच्या घराण्यातलं औषध रोज पोटात जायला लागलं की मेंदू आपला सगळा कारभार त्या हिशेबानं लावून घेतो. मग औषध चुकलं की अंग मोडून येतं, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात कळा, जुलाब, झोप नाही, जीव नुसता तळमळतो. तोवर मजा कधीच संपलेली असते. सकाळची कॅप्सूल बरं वाटायला नव्हे, अंथरुणातून उठायला लागते.

मग त्याच्या हातात काही होतं की नव्हतं? इथं दोन टोकांची माणसं भेटतात. एक म्हणतात, मनाचा खंबीरपणा नाही, दुसरं काय. दुसरे म्हणतात, हा मेंदूचा आजार आहे, त्याच्या हातात काहीच नव्हतं. मला दोघांचंही पटत नाही.

खंबीरपणाचं आधी बघू. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं की कोण व्यसनात अडकणार आणि कोण नाही, या फरकात साधारण ४० ते ६० टक्के वाटा आनुवंशिक जडणघडणीचा असतो. चार पोरं एकाच टेबलावर बसतात, एक अडकतो. त्या एकाला आपण कमकुवत म्हणतो, पण बाकीच्या तिघांनी काही पराक्रम गाजवलेला नसतो.

आता दुसरं टोक. व्हिएतनाम युद्धाच्या शेवटच्या काळात अमेरिकी सैनिकांत हेरॉइन पसरलं होतं. ली रॉबिन्स या संशोधिकेनं परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. पाचातला एक जण तिथं व्यसनाच्या पक्क्या विळख्यात होता. घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास पुन्हा व्यसनी झाले. मेंदू तोच होता. पण आता रोज मरणाची भीती नव्हती, माल हाताशी नव्हता, घरची माणसं होती, काम होतं. म्हणजे सवय जडलेल्या माणसाच्याही हातात काहीतरी उरतं. किती उरतं, हे त्याच्या भोवती काय आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. भोवतालच बदलला नाही तर नुसतं ‘सोड’ म्हणून भागत नाही.

हॅना पिकार्ड नावाच्या तत्त्वज्ञ आहेत. इंग्लंडमध्ये मानसिक रुग्णांसोबत प्रत्यक्ष काम करताना त्यांच्या लक्षात आलं की चांगले उपचारक एक अवघड गोष्ट साधतात. ते रुग्णाला जबाबदार धरतात, पण दोष देत नाहीत. ‘हे तू केलंस, आणि पुढचं वेगळं करणं तुझ्या हातात आहे’ एवढं सांगतात. ‘म्हणून तू वाईट, म्हणून तू आमच्यातून गेलास’ हे त्याला जोडत नाहीत. आपल्या घरांत नेमकं उलटं चालतं. आई म्हणते, त्याची काही चूक नाही, दोस्तांनी बिघडवलं. बाप म्हणतो, मेला तरी चालेल. आई त्याची जबाबदारीच काढून घेते, बाप नुसता दोष ठेवतो. आणि पोरगं दोघांच्या मधून निसटतं.

या पोरानं आईची बोरमाळ गुजरीत नेऊन मोडली होती. खोटं बोलला होता, बहिणीच्या कॉलेजच्या फीचे पैसे उचलले होते. हे त्यानं केलं, दोस्तांनी नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून पहिल्या महिन्यात फोन करू दिला तेव्हा तो आईला म्हणाला होता, “पगारातनं दोन दोन हजार बाजूला टाकतो. तसलीच माळ करून देतो.” तो आजारी होता, त्याचं काही चुकलंच नाही असं आज म्हटलं, तर त्याचं ते बोलणंही पुसून टाकावं लागेल. मला ते पुसायचं नाही.

नववा दिवस

तो व्यसनात बुडालेला असताना मेला नाही. तीन महिने केंद्रात राहून, अंगानं भरून, घरी परतल्यावर नवव्या दिवशी मेला. घाटावर सगळे म्हणत होते, “एवढं करूनसुद्धा सुधारला न्हाई बघा.” ही गोष्ट नीट समजली तर असली वाक्यं बंद होतील असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपण झोपलो तरी श्वास चालू राहतो, कारण मेंदूच्या तळाचा एक भाग ‘घे, सोड’ ही आज्ञा देत राहतो. अफूच्या घराण्यातलं औषध त्या आज्ञेचा आवाज बारीक करतं. फार झालं की आज्ञा थांबते. रोज घेणाऱ्याच्या शरीराला याची सवय होते, नव्या माणसाला मारून टाकेल एवढी मात्राही तो पचवतो. पण गुंगीची सवय लवकर होते आणि श्वासाच्या बाबतीतली सवय मागं रेंगाळते. त्यामुळे तेवढीच गुंगी यावी म्हणून मात्रा वाढवत गेलं की गुंगी आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांतलं अंतर कमी कमी होत जातं. आणि औषध बंद केलं की ही सवय काही दिवसांत, आठवड्यांत उतरायला लागते.

तालमीत गेलेल्यांना हे लगेच कळेल. रोज हजार जोर मारणाऱ्या पैलवानाची तालीम तीन महिने सुटली आणि चौथ्या महिन्यात त्यानं एकदम हजार मारायला घेतले तर काय होईल? डोक्यात हजारच असतात, अंगात तेवढे उरलेले नसतात. पैलवानाचं अंग दुखून भागतं. इथं श्वास थांबतो.

पोरानं जुन्या हिशेबानं कॅप्सूल घेतल्या, वर दारू प्यायला. दारूही श्वास मंदावते. एकाला दुसऱ्याची साथ मिळाली.

हे काही त्याच्या एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांवर २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा ओव्हरडोसनं मरण्याचा धोका बाकीच्या रहिवाशांच्या १२९ पट निघाला. तुरुंगात माल मिळत नव्हता, सवय उतरली, बाहेर आल्यावर मात्रा जुनी. आपल्या कळंब्याच्या जेलमधून सुटणाऱ्या व्यसनी माणसाचं शरीरही याच नियमानं चालतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी हादरलो होतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली उंदरांवर प्रयोग केला. हेरॉइनची सवय लावलेल्या उंदरांना एकच मोठी मात्रा दिली. काहींना नेहमीच्या जागी, काहींना अनोळखी जागी. नेहमीच्या जागी ३२ टक्के मेले, अनोळखी जागी ६४ टक्के. ओळखीच्या जागेच्या खुणा दिसल्या की शरीर आधीच तयारीला लागतं, नव्या जागी ती तयारी होत नाही. पोरगं त्या रात्री उद्यमनगरातल्या एका मित्राच्या खोलीवर पहिल्यांदाच गेलं होतं. तेवढ्यानं तो मेला असं मी म्हणत नाही. पण धोका कुठून कुठून येतो, ते पाहा.

केंद्रातून सोडताना घरच्यांच्या हातात एक छापील कागद दिला होता. वडिलांनी तो मला दाखवला. काय खायचं, किती वाजता उठायचं, कुठल्या मित्रांना टाळायचं. ‘पुन्हा घेतलंच तर जुनी मात्रा जीव घेईल’ ही ओळ त्यात नव्हती. पुन्हा घेण्याची कल्पनाच द्यायची नाही, अशी भीती असावी. पण मधुमेह्याला आपण साखर उतरण्याची लक्षणं सांगतोच ना? तेव्हा ‘मग तो मुद्दाम उपाशी राहील’ असं कुणी म्हणत नाही.

म्हणजे नवव्या दिवशी त्यानं पुन्हा घेतलं, ही चूक त्याची. पण ती चूक मृत्यूएवढी महाग आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांनी सांगितलं नव्हतं.

ती रात्र

खोलीत दोन मित्र होते. साडेअकराच्या सुमारास हा आडवा झाला आणि मोठ्यानं घोरायला लागला. एक जण म्हणाला, “झोपू दे, सकाळी उतरंल.” पहाटे पाचला पाणी प्यायला उठला तेव्हा याचा हात गार लागला. त्यांनी आधी रिकाम्या पट्ट्या गोळा करून गटारीत टाकल्या, मग वडिलांना फोन केला. १०८ ला फोन केलाच नाही.

त्या रात्री सगळ्यात जास्त कुणाच्या हातात होतं, तर या दोघांच्या. हे मी त्यातल्या एकाला समोर बसवून सांगितलंय. तो रडला. पण ते घोरणं म्हणजे झोप नव्हे, हे त्याला कुठल्या शाळेत, कुठल्या फलकावर कळणार होतं? आणि पोलिसांची भीती खोटी नाही. अमली पदार्थ सेवन करणं हाच १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. पदार्थानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्याचं कलम ६४-अ मात्र फार थोड्यांना माहीत असतं. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला जाणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार पुरे केले पाहिजेत एवढी अट. पण बेशुद्ध मित्रासाठी फोन करणाऱ्याचं काय? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी अशा माणसाला थोडंफार संरक्षण देणारे कायदे केलेत. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानं रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. तसं कलम एनडीपीएसमध्येही हवं. ते असतं तर पट्ट्यांच्या आधी फोन झाला असता का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

उद्या कुणावर वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. घोरण्यात घशातली घरघर मिसळलीय, श्वास फार सावकाश किंवा थांबून थांबून येतोय, ओठ-नखं निळसर किंवा राखेच्या रंगाची झालीत, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, हाक मारून आणि छातीच्या मधल्या हाडावर मुठीनं घासूनही माणूस हलत नाही, तर ती झोप नव्हे. १०८ लावा. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. श्वास थांबला असेल तर १०८ वरचा माणूस सांगेल तसं छाती दाबायला आणि श्वास द्यायला लागा. दही, लिंबू, मीठपाणी काही पाजू नका, उलटी काढायला जाऊ नका, एकट्याला सोडू नका. पट्ट्या टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. अफूच्या घराण्यातल्या औषधांवर नॅलोक्झोन नावाचा उतारा आहे, तो टोचला की बंद पडत चाललेला श्वास काही मिनिटांत परतू शकतो. ट्रामाडॉलनं शिवाय झटकेही येतात, म्हणून काय घेतलं ते डॉक्टरांना कळणं गरजेचं आहे. एमडी, म्हणजे मेफेड्रोनसारख्या उत्तेजक मालाचं वेगळं असतं. त्यात अंग भाजल्यासारखं तापतं, छाती धडधडते, माणूस बेभान होतो. तिथं नॅलोक्झोन चालत नाही, पण दवाखाना तेवढाच तातडीचा असतो.

मग कुणालाच धरायचं नाही?

असं मी म्हणत नाही. ज्याला परिणाम माहीत आहेत, ज्याच्यावर कसली तळमळ स्वार नाही आणि जो त्यातून पैसा करतोय, त्याला दोष द्यायलाच हवा. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीत, एमडी बनवण्याचा कारखाना पकडला. शरीर दाखवायच्या नादात पोरं मेफेंटरमाईनची इंजेक्शनं घेतात. भूल देताना उतरलेला रक्तदाब वाढवायचं ते औषध आहे. तो माल विकणाऱ्याला पोरांच्या हृदयाचं काय होतं हे कळत नाही, असं मी मानत नाही.

दोष कसा ढकलला जातो याचं सगळ्यात उघडं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पर्ड्यू फार्मा कंपनीनं १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूच्या घराण्यातलं वेदनाशामक बाजारात आणलं आणि त्याची सवय फारशी लागत नाही असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. लोक मरायला लागले. २००१ मध्ये कंपनीचे मालक-प्रमुख रिचर्ड सॅकलर यांनी एका ईमेलमध्ये लिहिलं की गैरवापर करणाऱ्यांवरच सगळीकडून घणाघात करा, दोषी तेच आहेत. पुढं २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कंपनीनं न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्या देशात २०२१, २०२२ आणि २०२३ या प्रत्येक वर्षी एक लाखाहून जास्त माणसं ओव्हरडोसनं गेली. ‘आपल्या कर्मानं मेला’ हे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला तो ईमेल आठवतो. घाटावरचा माणूस ते दुःखात, न समजून बोलतो. पण ज्यांचा फायदा असतो त्यांनाही तेच वाक्य हवं असतं.

सरकारकडे वळलं तर एकच आकडा पुरे. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्समार्फत केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार बेकायदा अमली पदार्थांच्या व्यसनात अडकलेल्या वीसांतल्या एकालाच कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेले असतात. दारूच्या बाबतीत तर कसलेही उपचार अडतीसांतल्या एकालाच मिळतात. अफूच्या घराण्यातल्या पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं, त्याच घराण्यातलं औषध देखरेखीखाली चालू ठेवलं तर मृत्यू निम्म्यापर्यंत कमी होतात, हे जगभर दिसलंय. पण आपल्याकडे ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ म्हणून घरचेच ते बंद करायला लावतात.

आणि मेलेल्यांची मोजणी? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात ओव्हरडोसचा वेगळा रकाना आहे. अख्ख्या देशाचा वर्षाचा आकडा अलीकडे हजाराच्या आत असतो. एवढ्या मोठ्या देशात एवढेच? बाकीचे हृदयविकारानं गेलेले असतात, नाहीतर अल्पशा आजारानं. इथं दोषानं होणारं खरं नुकसान दिसतं. लाजेपोटी घर कारण लपवतं. कारण लपलं की शेजारच्या घरातल्या बापाला सुटकेनंतरच्या दोन आठवड्यांचा धोका कळत नाही, आणि तो पोराला नवव्या दिवशी मित्रांकडे मुक्कामाला जाऊ देतो.

आपल्या बोलीतही हा दोष मुरलाय. गर्दुल्ला, बेवडा, नशेडी. माणसाचं नाव जाऊन तेवढंच उरतं. ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतात एक अर्थ वाईट नाद आणि दुसरा अर्थ संकट, आपत्ती. मराठीत येताना आपण पहिलाच ठेवला.

वडिलांना मी शेवटी काय सांगितलं ते लिहितो. तुमच्या हातात होतं ते तुम्ही बरंच केलं, म्हटलं. पतपेढीचं कर्ज काढून पोराला केंद्रात नेलं. वीसांतला जो एक असतो, तो तुमचा पोरगा होता, तुमच्यामुळं. ‘मेला तरी चालेल’ असं तुम्ही एकदा म्हणाला होता, ते म्हणायला नको होतं. ते तुमचं. पण तुमच्या म्हणण्यानं त्याचा श्वास थांबला नाही. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही ते कळलं नाही.

आता वर्ष होत आलंय. परवा ते प्रथम स्मृतिदिनाच्या जाहिरातीचा मजकूर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर लिहून घेऊन आले. ‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द खोडले होते, वर काही लिहिलं नव्हतं. “हितं काय लिहू?” म्हणाले. मी म्हटलं, वहिनींना विचारा. वहिनी ‘व्यसन’ लिहायला नको म्हणाल्या. मुलीला स्थळं बघायचं चाललंय, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण ‘अल्पशा आजाराने’सुद्धा परत लिहायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. शेवटी कारणाची जागा मोकळी सोडायची आणि सगळ्यात खाली व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १४४४६, टाकायचा असं दोघांनी ठरवलं. मजकूर सहा ओळींत बसतो. सातव्या ओळीचे किती जादा पडतील ते विचारायला ते उद्या पेपरच्या कचेरीत जाणार आहेत.